निळ्यावर नारिंगी

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बाईंनी पडद्यावर एका दंडाचा फोटो लावला होता. दंडावर माराचा डाग होता. मधोमध निळा, त्याच्या बाजूला जांभळा आणि अगदी कडेला पिवळट. रंगावरून मार किती जुना ते कसं ओळखायचं, हे त्या शिकवत होत्या. दुपारची वेळ. पंखे नुसते घरघरत होते आणि मागच्या बाकांवर डुलक्या रंगात आल्या होत्या. बाईंनी पडद्यावर पट्टीने टकटक केलं आणि विचारलं, "असा पेशंट समोर आला, तर पहिल्यांदा काय कराल?"

"निळ्यावर नारिंगी," बारकी म्हणाली.

आपण मोठ्याने बोलतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "जांभळ्यावर पिवळा. कडेच्या पिवळ्यावर किंचित फिका जांभळा. बोटाने थोपटत बसवायचा, घासायचा नाही. घासला की डाग उघडा पडतो."

वर्ग खो खो हसला. डुलक्या घेणाऱ्याही जाग्या होऊन हसल्या, कशाला ते न कळताच. बाई हसल्या नाहीत. बारकी उठली, कुणाला न विचारता बाहेर गेली आणि बेसिनचा नळ सोडून हात धूत राहिली.

बारकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तिच्या आईचं ब्यूटी पार्लर होतं आणि शाळेत असल्यापासून ती तिथे हाताखाली असायची. पिना दे, टॉवेल वाळत घाल, फरशीवरचे केस लोट. पार्लरला येणाऱ्या बायकांनी तिला बारकी म्हणायला सुरुवात केली आणि ती आईपेक्षा चार बोटं उंच झाली तरी नाव काही उंच झालं नाही. होस्टेलवरही तेच चिकटलं.

बाईंनी तिला संध्याकाळी स्टाफरूममध्ये बोलावलं. रागवायला नव्हे. त्यांनी तिला हात पुढे करायला सांगितले. बोटांची कातडी धुऊन धुऊन फाटली होती, पेरांवर चिरा पडल्या होत्या.

"हे कधीपासून?"

"थंडीमुळे होतं, बाई."

"थंडी अजून यायचीय," बाई म्हणाल्या. "बुधवारी कौन्सेलरकडे जायचं. मी त्यांच्याशी बोलून ठेवते. आणि नाही गेलीस, तर मी स्वतः हाताला धरून नेईन."

कौन्सेलरची खोली लायब्ररीच्या मागे होती. पूर्वी तिथे मोडके बाक टाकत असत. आता दोन खुर्च्या, एक टेबल, खिडकीत प्लास्टिकचं झाड आणि टेबलावर कागदी रुमालांचा खोका. खोलीत गेलेली मुलगी नाक लाल करूनच बाहेर येते, असा तिचा लौकिक होता. म्हणून तिथे बसणाऱ्या बाईंचं नाव मुलींनी रुमालबाई ठेवलं होतं. बारकी निघाली तेव्हा रूममेट पलंगावरून ओरडली, "रडायला चाललीस? माझ्यासाठीपण आण गं दोन-चार!"

आईला तिने आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं. आईच्या मागे केस वाळवायच्या यंत्राचा आवाज येत होता.

"कौन्सेलिंग म्हणजे वेड्यांचं ना ते?"

"नाही गं. कुणीपण जातं."

"मग घरातलं बाहेर काढत असतील." आईने यंत्राचं बटण दाबलं. यंत्र बंद झालं. मग तिने आवाज खाली आणला. "हे बघ, जायलाच लागतंय तर जा. हो म्हण, नाही म्हण, डोकं दुखतं म्हण. पण ताकास तूर लागू देऊ नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आई काही वाईट बाई नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. नवरा गेल्यावर तिने एका खुर्चीवर पार्लर सुरू केलं आणि एका पोरीला नर्सिंगपर्यंत आणलं. हे सगळं उभं होतं ते तिच्या हातावर, आणि हाताहूनही जास्त तिच्या तोंडावर. म्हणजे ते बंद ठेवण्यावर. लोकांना वाटतं, घराघरांतली गुपितं पोलिसांना नाही तर डॉक्टरांना ठाऊक असतात. छे! ती पार्लरवाल्या बाईला ठाऊक असतात. मान मागे टाकून, डोळे मिटून, केसांत कोमट पाणी सोडलं की बाई बोलू लागते. आणि न बोलली तरी तिचं डोकं, मान, पाठ समोरच असते. आईचा दंडक होता: आपण काही विचारायचं नाही. पाणी गरम वाटतंय का, एवढंच विचारायचं. "आपण चेहऱ्याला हात लावतो, घराला नाही," असं ती म्हणायची. बारकीने हे अआइई शिकावं तसं शिकून घेतलं होतं.

रुमालबाईंना त्या दिवशी स्वतःलाच सर्दी झाली होती. खोक्यातले रुमाल त्याच उपसत होत्या. चाळिशीच्या असतील. चष्मा दोरीने गळ्यात, साधा ड्रेस, डोळ्यांखाली काळं. बारकीने खुर्चीत बसताबसताच त्यांचा चेहरा वाचून काढला. डावी भुवई उजवीपेक्षा केसभर वर. हनुवटीवर लहानपणीचा व्रण. झोप कमी.

"तुमच्या भुवया कोण करतं?" तिने विचारलं.

"मीच, आरशासमोर. वाकड्या आहेत ना?"

"डावी थोडी."

"नवराही तेच म्हणतो." रुमालबाई शिंकल्या. "आता आधी इथले नियम सांगते, मग गप्पा. तू इथे जे बोलशील ते इथेच राहील. तुझ्या बाईंना नाही, घरी नाही, मैत्रिणींना नाही. मी कुणापुढे तोंड उघडत नाही."

बारकीला बरं वाटलं. हे तर अगदी ओळखीचं होतं.

"फक्त एक अपवाद," रुमालबाई म्हणाल्या. "तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला दिसलं, तर मी गप्प बसणार नाही. मला सांगावं लागतं. तुला न लपवता सांगेन, पण सांगेन."

बारकी त्यांच्याकडे बघतच राहिली. कुणीतरी कानाखाली वाजवावी तसं तिला झालं. इतकी वर्षं तिने आईचा नियम पाळला होता, आणि नियमाला असं शेपूट जोडता येतं हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आईलाही कुणी सांगितलं नव्हतं. किती साधी गोष्ट होती! ही बाई तर ती सर्दीच्या आवाजात, नाक पुसत सांगत होती.

"हे आधीच सांगितलंत तर कोण बोलेल तुमच्याशी?" तिचा आवाज चढला. "मनातलं काढून घ्यायचं आणि मग गावभर करायचं?"

"म्हणून तर आधी सांगते. बोलायचं की नाही, हे तू ठरवावंस म्हणून."

मग बारकीने ठरवलं. ती होस्टेलच्या जेवणाबद्दल बोलली. अॅनाटॉमी अवघड जाते म्हणाली. झोप लागत नाही, एवढं मात्र तिच्या तोंडून निसटलं, आणि लगेच तिने रुमालबाईंना विचारलं की तुम्हाला झोप लागते का. त्यांना किती मुलं, सर्दीवर त्या काय घेतात, खिडकीतलं झाड खोटं का ठेवलंय, हे सगळं तिने गोड बोलून काढून घेतलं. वेळ कधी संपला ते कळलं नाही.

"गिऱ्हाईक बोलतं ठेवायचं छान जमतं तुला," दारापर्यंत सोडायला येत रुमालबाई म्हणाल्या. "आज खुर्चीत मी होते. पुढच्या बुधवारी तू बसून बघ."

बारकी मूग गिळून होस्टेलवर परतली आणि पुन्हा त्या खोलीचं तोंड बघायचं नाही असं तिने मनाशी पक्कं केलं. तिने तसंच केलं असतंही. पण रविवारी आईचा फोन आला.

आई खुशीत होती. एवढी खुशीत की उसनी वाटावी. "अगं, ड्रायव्हिंग स्कूलवाल्या भाऊजींचं परत जमलं. मुलगी चांगली आहे, लहान आहे थोडी. तुझ्याहून फार मोठी नसेल. चाचणी मेकअपसाठी येऊन गेली कालच."

बारकीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लग्न महिन्याच्या शेवटी आहे. तू ये दोन दिवस रजा टाकून. भाऊजी स्वतः दुकानात येऊन सांगून गेले, नवरीला बारकीच तयार करेल. तिचा हात हलका आहे म्हणाले. ताईला तिने काय सुंदर केलं होतं, म्हणाले."

"असं म्हणाले?"

"हो. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

"आई," बारकी म्हणाली, "त्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी काय केलं ते. म्हणून मी हवीय."

मग आई हळू, एकेक शब्द सुटा करत बोलली. "आपण डोळ्यांनी काही पाहिलं नाही. जिन्यावरून घसरून माणसं पडतात. तू येणार आहेस, नवरीला तयार करणार आहेस आणि हसत परत जाणार आहेस. या वस्तीत कुणी म्हणालं ना, की या मायलेकी खुर्चीतलं बाहेर सांगतात, तर उद्यापासून आपल्याकडे कुत्रं फिरकणार नाही. कळलं?"

बारकीने फोन ठेवला. त्या रात्री तिला झोप लागली नाही यात काही नवल नाही. सोमवारी, मंगळवारी ती वर्गात बसली, पण कानात एक अक्षर शिरलं नाही. समोर सारखी एक मुलगी दिसत होती, जिला तिने पाहिलंही नव्हतं. बुधवारी ती रुमालबाईंच्या खोलीबाहेर वेळेच्या आधीच जाऊन उभी राहिली.

"तुमचा तो नियम," ती आत पाऊल टाकताच म्हणाली. "परत सांगा."

रुमालबाईंनी सांगितला, अपवादासकट.

"बरं," बारकी म्हणाली आणि खुर्चीत बसली. मग तिने सांगितलं. पहिल्यांदा अडखळत, नंतर बांध फुटावा तशी.

ताई पार्लरच्या वरच्या मजल्यावर राहायची. नात्यातली नव्हे, पण आईने तिला लेकीसारखं मानलं होतं आणि बारकीने बहिणीसारखं. ताईचा नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. अर्ध्या वस्तीला गाडी त्यानेच शिकवलेली. बारकीच्या आईलाही स्कूटर त्यानेच शिकवली होती. शिकवताना त्याने कधी कुणावर आवाज चढवला नाही. नवशिक्याने गाडी भिंतीला लावली तरी हा हसून म्हणायचा, होतं असं. अशा माणसाबद्दल कोण काय बोलणार? आणि ताई तर बोलतच नसे. केस धुवायला आली की कधी कानामागे हात लागताच अंग आखडायची, कधी दंडावर बोटांच्या खुणा असायच्या. आई पाण्याचा जोर कमी करायची आणि विचारायची, पाणी गरम वाटतंय का?

मागच्या सुट्टीत, पहिलं वर्ष संपवून बारकी घरी आली होती, तेव्हा एके सकाळी ताई मागच्या दाराने पार्लरमध्ये आली. डोळ्यापासून जबड्यापर्यंत अर्धा चेहरा निळाजांभळा. तिचा भाऊ दुपारी येणार होता. तो लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता आणि त्याची गाडी क्वचितच या बाजूला यायची. फोनवर बहिणीचा आवाज त्याला बरा वाटला नव्हता म्हणून वाट वाकडी करून तो तिला बघायला येत होता. "त्याला काही दिसता कामा नये," ताई म्हणाली. "फार तापट आहे. काहीतरी करून बसेल आणि जन्मभर तुरुंगात सडेल. एवढं झाकून द्या."

आईच्या खुर्चीत दुसरं गिऱ्हाईक होतं. ती म्हणाली, "बारके, तू घे. तुझा हात हलका आहे."

आणि बारकीने ते काम घेतलं. इथे आल्यावर मात्र ती रुमालबाईंसमोर अडली. कारण पुढचं सांगायची तिला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

"मला मजा आली," ती म्हणाली.

मग मांडीवरच्या हातांकडे बघत तिने पुढे सांगितलं.

"मी तेव्हा नुकतंच शिकले होते. कुठल्या रंगावर कुठला रंग चढवायचा ते. व्हिडिओ बघून. आणि असा चेहरा कधी मिळाला नव्हता. म्हणजे, सगळे रंग एकाच चेहऱ्यावर. मी एकदा विचारलं, ताई, दुखतंय का? आई मागून खाकरली. मग मी पुन्हा विचारलं नाही. मी नर्सिंगचं वर्ष काढलेली मुलगी. डोळ्याचं हाड मोडलंय का, ते चाचपून बघायला पाहिजे होतं मी. मी तिथे फाउंडेशन थोपटत होते. जीभ दाताखाली धरून, मन लावून. झाल्यावर ताईने आरशात बघितलं आणि ती हसली. म्हणाली, अगं, मलाच सापडेना. आणि मला इतकं... मला आभाळाला हात लागल्यासारखं झालं."

काम झालं की आधीचा आणि नंतरचा फोटो काढायची बारकीला सवय होती. मेकअप शिकणाऱ्या सगळ्याच पोरी काढतात. ताईचेही तिने दोन्ही काढले होते. संध्याकाळी आईने तो पहिला फोटो फोनमधून काढून टाकायला लावला. स्वतः समोर उभी राहिली. दुसरा राहिला. त्यात काही नव्हतंच, एक सुंदर बाई होती.

दुपारी भाऊ आला, जेवला, वस्तीतल्या पोरांना ट्रकमध्ये बसवून एक फेरी मारून आणली आणि अंधार पडायच्या आत निघून गेला. जाताना पार्लरच्या दारात थांबून आईला म्हणालासुद्धा, "उगाच जिवाला घोर लावून घेतला. मस्त आहे ती." ताईने वरच्या खिडकीतून हात हलवला.

महिनाही झाला नसेल. ताई जिन्याखाली सापडली. फरशी ओली होती, पाय घसरला, असं नवऱ्याने सांगितलं आणि तो ऊर बडवून रडला. पोलीस आले, विचारून गेले. पार्लरमध्येही डोकावले. आई म्हणाली, "गुणी पोर होती हो." बारकी तिच्या शेजारीच उभी होती. तिच्या हातात टॉवेल होता आणि ती त्याची घडी घालत होती.

"नंतर तिचा भाऊ आला," बारकी म्हणाली. "आमचे आभार मानायला! शेवटचं बघितलं तेव्हा इतकी छान दिसत होती, ते तुमच्यामुळे, म्हणाला. फोटो असला तर द्या. मी पाठवला. त्याने तोच लावलाय त्याच्या फोनवर, नावाशेजारी. मी फोन उघडला की कधीकधी वर येतो. माझं काम, रुमालबाई. माझं सगळ्यात चांगलं काम."

आपण तोंडावरच त्यांना रुमालबाई म्हणालो, हे तिला कळलंही नाही. रुमालबाईंनी ते मनावर घेतलं नाही. त्यांची सर्दी आता बरी होती, तरी त्यांनी एक रुमाल ओढला आणि तो हातात नुसता धरून ठेवला.

"माझ्यामुळे गेली ना ती?" बारकीने विचारलं. "त्या दिवशी भावाला दिसलं असतं तर तो घेऊन गेला असता तिला."

"तिला तू मारलं नाहीस."

"पण लपवलं."

"हो," रुमालबाई म्हणाल्या. "लपवलंस."

इतके महिने बारकी स्वतःला हेच सांगत होती. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते पहिल्यांदाच आलं होतं. तुझा काय दोष, तू लहान होतीस, असं त्या म्हणाल्या असत्या, तर ती उठून गेली असती. आता ती रडली. मुली म्हणायच्या तसंच, नाक लाल होईपर्यंत. रुमालबाईंनी खोका पुढे सरकवला आणि तिचं रडणं आवरेपर्यंत त्या खिडकीकडे बघत बसल्या.

मग बारकीने त्या होणाऱ्या नवरीचं सांगितलं. लग्न महिन्याच्या शेवटी आहे, हे सांगितलं. मला मुद्दाम बोलावलंय, हेही सांगितलं.

रुमालबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "म्हणजे एका जिवंत मुलीचा प्रश्न आहे. हे मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही."

"माहीत आहे. म्हणून तर आले."

"आजच प्राचार्यांशी बोलेन. बायकांसाठीचं मदत केंद्र आहे, त्यांना कळवेन. ते त्या मुलीपर्यंत पोचतील. पोलीसही तुला विचारतील. पुरावा असा काही नाही, तुझा शब्द आहे फक्त. तो माणूस म्हणेल, पोरगी खोटं बोलतेय. लोक त्याच्याच बाजूने उभे राहतील."

"आणि आईचं पार्लर?"

"अडचणीत येईल. बहुतेक बंदच पडेल." रुमालबाईंनी चष्मा पुसला. "खोटा धीर देऊन मला काय मिळणार?"

बारकीने मान हलवली. आई आत्ता काय करत असेल ते तिला दिसत होतं. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा आई त्या एकुलत्या एका खुर्चीतच पाय वर घेऊन डुलकी काढायची. वीस वर्षांत तिने त्या खुर्चीशिवाय कशालाच माझं म्हटलं नव्हतं. आपल्या पोटच्या पोरीने तीच तिच्याखालून ओढून घ्यावी, याला काय म्हणायचं? तरी उठून जावं असं बारकीला वाटलं नाही.

"एक गोष्ट मी करणार नाही," रुमालबाई म्हणाल्या. "तिच्या भावाला मी कळवणार नाही. ते कुठून तरी त्याच्या कानावर जाईलच, पोलीस विचारतील तेव्हा तरी. तुझ्या तोंडून जायला हवं असेल, तर ते तुझं तू बघ. आज नको असेल तर आज नको."

"मारेल तो त्याला. ताई म्हणायची."

"तेही आपल्याला त्याच्याशी बोलावं लागेल. मी इथेच आहे."

बारकीने फोन काढला. भावाच्या नावावर बोट ठेवलं तसा ताईचा चेहरा पडदाभर झाला. तिने फोन टेबलावर, दोघींना ऐकू येईल असा ठेवला. घंटी बराच वेळ वाजली.

"बोल गं बाळा!" पलीकडून इंजिनचा आवाज येत होता. "पार्लरवाली बारकी ना? आज कशी आठवण काढलीस?"

बारकी फोनकडे वाकली. रुमालबाईंनी वाकून हळूच सांगितलं, "गाडी थांबवायला सांग आधी."

"दादा, गाडी चालवताय का? जरा बाजूला घ्या. थांबवा."

"का? काय झालं? आई बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे. तुम्ही थांबवा."

इंजिन बंद झालं. मागून येणाऱ्या गाड्या सूं करून जवळून गेल्या. मग बारकीने त्याला सांगितलं. यावेळी ती अडखळली नाही. त्या सकाळी ताईचा चेहरा कसा होता, कुठपासून कुठपर्यंत, तो तसा कोणी केला हे ताई कधीच का बोलली नाही, आपण काय लावलं आणि कशासाठी. नव्या मुलीचंही सांगितलं. मला माफ करा असं ती म्हणाली नाही. ते मागायचा हक्क आपल्याला आहे, असं तिला वाटत नव्हतं.

तो मध्ये एकदाही बोलला नाही. शिव्या देईल, ओरडेल, फोन आपटेल, याची तिने तयारी ठेवली होती. रुमालबाई टेबलावर कोपरं टेकून ऐकत होत्या.

"कुठला गाल?" शेवटी त्याने विचारलं.

"डावा."

"निघताना मी तिच्या गालाला हात लावायला गेलो," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, रस्ता विचारावा तसा. "ती पटकन मागे सरली. मी हसलो. म्हटलं, अरे वा, मेकअप मोडेल म्हणून भावालापण हात लावू देत नाहीस होय?"

बारकीने डोळे मिटून घेतले.

"मग तिने स्वतःच गाल पुढे केला. आणि मी दोन चापट्या मारल्या. लाडात. जरा जोरातच मारल्या गं मी, आमचं लहानपणापासून तसंच होतं."

मागून एक मोठी गाडी गेली. ती जाईपर्यंत तो थांबला.

"हसली ती," तो म्हणाला.